नाव घेतल्याशिवाय मत नाही

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता माझे पती वारले. चौदाव्या दिवशी मी दाखल्यासाठी नंदुरबारच्या नगरपालिकेत गेले. खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "मयताचं नाव?" मी नाव सांगितलं. त्यानं ते लिहिलं, शिक्का मारला आणि फॉर्म बाजूला ठेवला. मी बाहेर आले.

पायऱ्या उतरताना मला हसू आलं. चौदाव्या दिवशी हसू नये हे मला कळतं. पण बारा वर्षांपूर्वी याच प्रश्नावर एका अख्ख्या गावातल्या बायकांचं मतदान अडलं होतं आणि प्रश्न विचारणारी क्लार्क मी होते. त्या दिवसाची हकिकत लिहून ठेवावी, असं ते नेहमी म्हणत. मी टाळत आले. आता लिहिते आहे. सावकाश लिहीन.

सत्तावन्न सालची निवडणूक. आमचा भाग तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता आणि राज्य द्विभाषिक होतं. संयुक्त महाराष्ट्राचं वारं इतकं होतं, की सरकारी पक्षाविरुद्ध चार-पाच पक्ष एकत्र येऊन त्यांनी आघाडी केली होती. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकाच बैलगाडीतून प्रचाराला जात. लढत अटीतटीची होती. दोन्ही बाजूंना वाटे, आपण येणार; आणि दोन्ही बाजूंना भीती वाटे, शंभर-दोनशे मतांनी पडणार.

मी शहाद्याला प्राथमिक शिक्षिका होते. वय तेवीस, लग्नाला आठ महिने. पती नंदुरबारला वाचनालयात ग्रंथपाल होते, शनिवार-रविवारची भेट. बायकांच्या मतदानासाठी बाई कर्मचारी हवी म्हणून तहसीलमधून माझ्या नावे ऑर्डर आली. गाव मिळालं प्रकाशा गावाच्या अलीकडचं, तापीच्या काठावरचं. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या गुजर शेतकऱ्यांचं. घरात त्यांची गुजरी बोली, घराबाहेर सगळ्यांची अहिराणी.

आमचे प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे केंद्राचे मुख्य, बापटसाहेब. पाटबंधारे खात्यातले ओव्हरसिअर, मूळचे पुण्याचे. अहिराणी त्यांना कळत नसे आणि ते ती कळल्यासारखं दाखवतही नसत. त्यांच्याजवळ निवडणुकीचं हँडबुक होतं. त्यात त्यांनी वहीच्या कागदाच्या खुणा घातल्या होत्या.

काम कसं चाले ते सांगते. आता छापील मतपत्रिकेवर शिक्का मारतात, तसं तेव्हा नव्हतं. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचं चिन्ह. मतदारानं कोरा सरकारी कागद घ्यायचा, पडद्यामागे जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. माझं काम पडद्याच्या आधीचं. मतदार आला की मतदारयादीत त्याचं नाव शोधायचं, ओळख पटवायची, नावाखाली रेघ मारायची, बोटाला शाई लावायची. रेघा मारलेल्या या यादीला मार्क्ड कॉपी म्हणतात. तिच्यात चूक झाली की नोकरीवर येतं.

शेजारी बाकावर दोन्ही बाजूंचे पोलिंग एजंट. सरकारी पक्षाचे वल्लभआप्पा, केळीचे बागायतदार, आवाज मोठा. आघाडीचे रघुनाथनाना, बारीक, चष्मेवाले, सगळ्या गोष्टींत कायदा काढणारे. एजंटला मतदाराबद्दल शंका आली तर तो चॅलेंज करू शकतो. मग साहेबांनी चौकशी करायची. एका चौकशीला दहा मिनिटं जातात.

सकाळी आठला गावच्या शाळेचं, म्हणजे आमच्या केंद्राचं, दार उघडलं. पहिली बाई आली.

"नाव?"

"गंगाबाई."

मी यादी पाहिली. गंगाबाई पाटील, गंगाबाई पाटील, गंगाबाई पाटील. खाली जमनाबाई पाटील चार. त्या गावात आडनाव सगळ्यांचं पाटील आणि बायकांची नावं बहुतेक नद्यांची. फरक फक्त पुढच्या रकान्यात होता, पतीच्या किंवा बापाच्या नावाचा.

"नवऱ्याचं नाव काय?"

गंगाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. रांगेत कोणीतरी हसलं.

"सांगा ना. मागे रांग आहे."

त्यांनी हनुवटीनं पुरुषांच्या रांगेकडे खूण केली. "तो शे ना, टोपीवाला."

पुरुषांच्या रांगेत सगळेच टोपीवाले होते.

नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नॉर्मल स्कूलात शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलेल्या बाईला वाटतं, सरकारी टेबलापुढे असल्या समजुती गळून पडतील. मी मागच्या बाईला विचारलं, "तुम्ही सांगा, हिच्या नवऱ्याचं नाव काय?"

"मी कशी सांगू, माय? मन्हा जेठ शे तो!"

जेठाचं, म्हणजे मोठ्या दिराचं नावही चालत नाही. तिच्या मागची गंगाबाईंची सून. तिला सासऱ्याचं नाव चालत नाही. सगळी रांग एका भाऊबंदकीची. रांगेत शेवटपर्यंत विचारलं असतं तरी नाव निघालं नसतं.

वल्लभआप्पा मदतीला धावले. "बाई, लिव्हा! गंगाबाई नथ्थू पाटील."

"ऑब्जेक्शन," रघुनाथनाना चष्मा वर करत म्हणाले. "मी चॅलेंज करस. मतदारनी वळख एजंटनी कशी काय द्यावी?"

दहा मिनिटं गेली. पुढच्या बाईचं नाव नानांनी सांगितलं, तेव्हा चॅलेंज आप्पांनी केलं. पुन्हा दहा मिनिटं. बापटसाहेबांनी हँडबुक उघडलं, एक खूण काढून दुसरीकडे घातली आणि निकाल दिला, "ओळख मतदाराच्या स्वतःच्या तोंडून पटली पाहिजे. एजंटांनी गप्प बसायचं."

दहा वाजेपर्यंत पुरुषांची रांग अर्धी झाली. बायकांची सात मतं पडली होती. त्यांतल्या चौघी गावाच्या माहेरवाशिणी, त्यांनी बापाचं नाव सांगितलं होतं.

रांग सुटायला लागली. कोणाची म्हैस, कोणाचं पाळण्यातलं मूल, कोणाच्या भाकरी. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "मागला टाइमले बी असंच व्हयनं."

मागच्या निवडणुकीत काय झालं होतं ते मला शाळेच्या हेडमास्तरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. यादी करणारा आला तेव्हा बऱ्याच बायकांनी स्वतःचंही नाव सांगितलं नाही. त्यानं "अमक्याची बायको" अशी नोंद केली, आणि तसली नावं पुढे यादीतून गेली. या खेपेला हेडमास्तर घरोघर फिरले, प्रत्येकीचं नाव लिहून घेतलं. यादीत नाव आलं होतं. आता रेघ माझ्या हातात होती आणि ती मारता येत नव्हती.

"साहेब, या परत चालल्या," मी म्हटलं.

"नाव नाही तर मत नाही. मी काय करू?"

"एकदा गेल्या तर परत यायच्या नाहीत."

"बाई, मी धरणाच्या कामावरचा माणूस. दार बंद असलं तर पाणी जात नाही. दार कसं उघडायचं ते तुम्ही बघा."

तेवढ्यात रांगेतून जमनाआजी पुढे आल्या. सत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, हातात काठी. त्यांनी टेबलावर काठी आपटली.

"ए मास्तरीनबाय, तू नाव इचारी ऱ्हायनी ना? नाव असं इचारतंस का कोनी? आग्रह कर!"

"आग्रह?"

"हा! लगीनमां कशी करतंस, तशी!"

मला समजायला क्षण लागला. मग मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "आजी, नाव घ्या ना. घ्यायलाच पाहिजे."

आजींनी घसा साफ केला, मान वळवली आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हटलं,

"तापीनं पानी, केळीनं पान,
भगवानआप्पानं नाव लेस, आते दे मन्हं मतदान!"

रांगेत एकच हशा झाला. मी बोट यादीवर फिरवलं. जमनाबाई भगवान पाटील. रेघ मारली. बोटाला शाई लावली. अर्धं मिनिट लागलं नसेल.

"हे काय चाललंय?" बापटसाहेब उठून आले. "मतदान केंद्र आहे की हळदीकुंकू?"

"साहेब, नाव मिळालं. मतदाराच्या स्वतःच्या तोंडून."

"पण ते कवितेत आहे."

"हँडबुकात मनाई आहे का?"

त्यांनी खरोखर हँडबुक पाहिलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग म्हणाले, "गद्य-पद्याचा उल्लेख नाही. चालू द्या."

दार उघडलं. घरी निघालेल्या बायका फाटकातून मागे वळल्या, येताना शेजारणींना घेऊन आल्या. ज्यांचा ओठ हलत नव्हता त्या आता पुढे येण्यासाठी एकमेकींना ढकलत होत्या. मी फक्त म्हणायचं, "घ्या नाव," की आलाच उखाणा.

"मिरचीनं पोतं, नंदुरबारनी पेठ,
तुकारामभाऊनं नाव लेस, माले जाऊ द्या थेट!"

थेट पडद्यामागे जात, आणि पडद्यामागूनही हसणं ऐकू येई.

एक बाई मात्र तशी नव्हती. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मी सवयीनं म्हटलं, "घ्या नाव." ती म्हणाली, "सुकलाल पाटील." सरळ, जसं आपण गावाचं नाव सांगतो तसं. मी रेघ मारली. सर्वांत कमी वेळ तिला लागला. मला तेव्हा ते फक्त सोयीचं वाटलं.

बारानंतर नवी अडचण आली. उखाणे वाढायला लागले. एकीनं लग्नाची सगळी वरात सांगितली, घोड्याच्या रंगासकट, तेव्हा कुठे नवऱ्याचं नाव आलं. दुसरीनं चार ओळी घेतल्या म्हणून तिसरीला सहा हव्या. पुरुषांची रांग ओस पडली, कारण पुरुष आमच्या खिडक्यांना लटकले होते आणि आपलं नाव कसं येतं ते ऐकत होते. त्यांना हटवायला साहेबांनी पोलीस पाठवला. तो परत येईना म्हणून पाहिलं तर तो मधल्या खिडकीत होता आणि मागच्या लोकांना उखाणे मोठ्यानं सांगत होता.

मी उठून जाहीर केलं, "उखाणा दोन ओळींचा. तिसरी ओळ घेणारीला पुन्हा शेवटी उभं राहावं लागेल." वर्गात असा नियम मुली पाळतात. या बायकांनीही पाळला, पण कुरकुरत.

अडीच वाजता वल्लभआप्पा उभे राहिले. बराच वेळ ते बोटांवर काही मोजत होते. त्यांचा हिशेब असा झाला होता की बायकांची गर्दी आघाडीला पडते आहे.

"साहेब, मन्ही हरकत शे. यमकनी गरज पडनी तर बाई कोनंबी नाव घाली देई. 'पान' म्हनी म्हनीसन 'भगवान' उनं. ती भगवाननीच बायको कशावरून?"

मुद्दा वाईट नव्हता. बापटसाहेबांचा चेहरा पडला. रघुनाथनानांनीही मान डोलावली, कारण त्यांच्या हिशेबात तीच गर्दी सरकारी पक्षाला पडत होती. दोन्ही बाजू सकाळपासून पहिल्यांदा एका मतावर आल्या, तेही बायकांचं मतदान थांबवण्यावर.

"थांबा जरा," साहेब म्हणाले. "मला वरून विचारावं लागेल."

वर म्हणजे शहादा. निरोप घेऊन सायकलवाला जाऊन येईपर्यंत पाच वाजले असते. रांगेत अजून शंभराच्या आसपास बायका होत्या. मी शाईची काडी बाटलीवर आडवी ठेवली.

रांगेत पहिल्या उभ्या होत्या रेवाकाकू. घरचं जेवण लवकर आटोपून दुपारी रांगेला लागलेल्या. त्या वल्लभआप्पांच्या पत्नी. काय थांबलं आहे ते त्यांनी मागच्या बाईला विचारून घेतलं, पदर खोचला आणि कोणी आग्रह न करताच म्हणाल्या,

"सभा व्हयन्यात, मिरवनुकी व्हयन्यात, घसा बसना,
वल्लभरावस्नं नाव लेस, महिनाभर घरमां नही दिसना!"

खिडक्यांतून शिट्ट्या आल्या. पोलिसाचीही असावी. बापटसाहेब अतिशय गंभीरपणे आप्पांकडे वळले.

"काय आप्पा, चॅलेंज करायचं ना? या बाई तुमच्या पत्नी नाहीत, असं लिहून घेऊ?"

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. रेवाकाकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"शे ना," आप्पा म्हणाले. "मन्हीच शे."

रघुनाथनाना इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. तो उचलून डोळ्यांवर घालेपर्यंत टेबलासमोर त्यांच्या मंडळी मैनाबाई उभ्या होत्या.

"रोज म्हनतंस, 'पेटी मन्ही, पेटी मन्ही',
रघुनाथरावस्नं नाव लेस, मत कोनले ते सांगाव नही!"

नानांचं हसणं थांबलं. "म्हंजे? मैना, म्हंजे काय?"

"कायदा शे ना तुमना," पडद्याकडे जात मैनाबाई म्हणाल्या. "गुप्त मतदान."

यानंतर बाकावरचे दोघं सरकून जवळ बसले. पाचेक मिनिटं कुजबुज झाली. मग नानांनी कायद्याच्या भाषेत एक कागद लिहिला आणि आप्पांनी मोठ्यानं वाचून दाखवला: "आम्ही खाली सही करणार लिहून देतो की, स्त्री मतदाराने पतीचे नाव गद्यात अथवा पद्यात घेतल्यास दोन्ही पक्षांची हरकत राहणार नाही." खाली दोन सह्या. साहेबांनी तो कागद हँडबुकात खूण म्हणून घातला.

अलीकडे वर्तमानपत्रात संयुक्त सरकार हा शब्द रोज येतो. सदुसष्टनंतर राज्याराज्यांत ती आली आणि बरीचशी गेलीही. पहिलं संयुक्त सरकार मी त्या शाळेच्या पडवीत पाहिलं. त्याची मुदत पाच वाजेपर्यंत होती आणि त्याचा कारभार चोख होता. आप्पा फाटकाशी उभे राहून बायकांना गल्लीवार आत घेत होते. नाना रांगेत पाणी फिरवत होते आणि एखादी अडली तर यमक सुचवत होते. नाव मात्र सुचवत नव्हते. कायदा होता.

पाच वाजता फाटक बंद झालं. नियमाप्रमाणे आत असलेल्यांचं मतदान चालू राहिलं. शेवटी एक नवी नवरी राहिली, हातावरची मेंदी न गेलेली. तिनं लाजत उखाणा घेतला, बोटाला शाई लावून घेतली, कागद हातात घेतला आणि पडद्याकडे न जाता तिथेच उभी राहिली.

"जा ना बाई," मी म्हटलं.

"तुमनं नाव?"

"माझं?"

"तुम्ही बठ्ठास्ना मालकस्नं नाव इचारं. आते तुम्ही ल्या. तवपावत मी मत टाकाव नही."

ओसरीवरून जमनाआजींची काठी वाजली. त्या सकाळी मत देऊन गेल्याच नव्हत्या. "हा, लेवाडा तिले नाव! मास्तरीननी बारी!"

सगळ्या बायका दारात गोळा झाल्या. आणि मला कळलं की माझा ओठ हलत नाही. आठ महिन्यांत मी ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. पत्रात "तीर्थस्वरूप" लिहायचे, लोकांत "आमच्याकडे" म्हणायचे. दिवसभर मी दुसऱ्यांना ज्याचा आग्रह करत होते, ते मी स्वतः कधी केलं नव्हतं. मी नकाशाकडे बघितलं. नकाशा काही सुचवत नव्हता.

"बाई, घ्या हो," बापटसाहेब घड्याळ बघत म्हणाले. "मला पेट्या सील करायच्यात. अधिकृत आदेश समजा."

मी टेबलावरच्या बाटलीकडे बघितलं.

"पेटीत पडली मतं, बोटावर राहिली शाई,
माधवरावांचं नाव घेते, घरी जायची घाई."

ओसरी इतकी हसली की पत्रे वाजले. नवरीनं मत टाकलं. यादीतल्या ज्या बायका गावात होत्या, त्यांतल्या दोन-चार बाळंतिणी सोडून सगळ्यांच्या नावांखाली रेघ आली होती.

पेट्या शहाद्याला गेल्या. आमच्या गावानं कोणाला निवडलं ते मला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. दिल्लीत पुन्हा एकाच पक्षाचं सरकार आलं. बापटसाहेबांनी रिपोर्टात लिहिलं, "अनुचित प्रकार नाही." शाळेची साफसफाई कोणी करायची यावरून आप्पा आणि नाना दुसऱ्याच दिवशी पुन्हा भांडले, असं हेडमास्तरांनी कळवलं. नोकरीत मी यातून एवढंच शिकले, की फॉर्म भरून घ्यायचा तर प्रश्न समोरच्याच्या रीतीनं विचारावा. वेळ वाचतो.

घरी मी सगळं सांगितलं, शेवटचा उखाणा सोडून. पण वल्लभआप्पा मिरची विकायला नंदुरबारला येत. एकदा ते मुद्दाम वाचनालयात गेले आणि ग्रंथपालांना तो उखाणा म्हणून दाखवला, शांतता राखा या पाटीखाली उभं राहून. यांनी मला त्याबद्दल काही विचारलं नाही. पुढे माझी बदली नंदुरबारला झाली. शाळा सुटल्यावर मी पिशवी आवरून वाचनालयाशी जायची, ते बाहेर येऊन कुलूप लावता लावता म्हणायचे, "काय, घरी जायची घाई?" दहा वर्षं, जवळजवळ रोज.

त्या रांगेतल्या कुंकू नसलेल्या बाईला नाव सांगायला इतका कमी वेळ का लागला, ते मला नगरपालिकेच्या खिडकीशी समजलं. मलाही तेवढाच लागला.

शाळा अजून पाच वाजता सुटते. घरी जायची घाई राहिली नाही. नाव राहिलं आहे, माधव.